द्राक्षबागेतील तणांचे कमी खर्चात नियंत्रण

द्राक्षबाग हे महाराष्ट्रातील सर्वांत खर्चाचे पीक समजले जाते. मांडव, ठिबक, खते, औषधे, छाटणी, विरळणी अशा प्रत्येक कामास बागाइतदार मुक्तहस्ताने पैसा खर्च करतो आणि त्याचा हिशोबही ठेवतो. तणे काढण्याचा खर्च मात्र बहुतेकांच्या वहीत निराळा लिहिलेला आढळत नाही. तो 'किरकोळ मजुरी' या सदरात विरून जातो. वर्षाअखेरीस बेरीज केली असता ही किरकोळ मजुरी बरीच मोठी भरते. आणि एवढे करूनही पुढल्या पावसाळ्यात बागेत तण पूर्वीइतकेच माजलेले असते. असे का होते आणि त्यावर कमी खर्चाचा उपाय कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांतील बागाइतदारांस व तेथे काम करणाऱ्या गावपातळीवरील कार्यकर्त्यांस तो उपयोगी पडावा.

तणांपासून होणारे नुकसान

तण पिकाचे अन्न व पाणी खाते हे सर्वश्रुत आहे. परंतु द्राक्षाच्या बाबतीत हे नुकसान वर्षभर सारखे नसते, ही गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. आपल्याकडे द्राक्षवेलीची वर्षातून दोन वेळा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांच्या काळात नव्या काडीवरील डोळ्यांत पुढील घडाची सूक्ष्म निर्मिती होते. हा काळ ऐन उन्हाळ्याचा असतो. विहिरीचे पाणी कमी झालेले असते, आणि ठिबकाखाली जेवढी जागा ओली तेवढ्याच जागेत वेलीची मुळे व तणाची मुळे एकत्र असतात. या वेळी बोदावर माजलेले तण जे पाणी पिते ते वेलीच्या तोंडचे असते. त्याचा परिणाम लगेच दिसत नाही. तो ऑक्टोबरमध्ये, घड कमी निघाल्यावर दिसतो आणि तोपर्यंत कारण विसरले गेलेले असते.

दुसरे नुकसान रोगकिडींचे. फळ छाटणीनंतर पाऊस लांबला म्हणजे केवड्याची भीती असते. बोदावर गुडघाभर तण असेल तर वेलीच्या बुडाशी हवा खेळत नाही, दमटपणा टिकून राहतो आणि केवड्यास अनुकूल स्थिती मिळते. पिठ्या ढेकूण ही कीड तर कित्येक तणांवर आपला निर्वाह करते व तेथून मुंग्यांच्या साहाय्याने वेलीवर चढते. फवारणी कितीही केली तरी बांधावरचे व बोदावरचे तण तसेच राहिले असता किडीचे आश्रयस्थान शाबूत राहते.

तिसरे नुकसान तण काढताना होते. खोल खणल्याने वेलीची वरच्या थरातील बारीक मुळे तुटतात, आणि विळ्याचा वा यंत्राचा घाव खोडास लागल्यास त्या जखमेतून रोग शिरतो. म्हणून उपाय योजताना केवळ 'तण गेले काय' एवढेच न पाहता 'वेल शाबूत राहिली काय' हेही पाहिले पाहिजे.

शत्रूची ओळख

सर्व तणांवर एकच उपाय लागू पडत नाही. बागेतील तणांचे दोन वर्ग करावेत.

पहिला वर्ग हंगामी तणांचा. घोळ, माठ, काटेमाठ, दुधी, केना, शिप्पी, गाजर गवत इत्यादी तणे प्रामुख्याने बियांपासून वाढतात. त्यांचे बळ बियांत आहे. गाजर गवताच्या एकेका झाडास हजारो बिया येतात. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आलेले हे तण काही दशकांतच देशभर पसरले, ते या बियांच्या जोरावर. या वर्गातील तणांचा नियम सोपा आहे : त्यांना फुलावर येऊ देऊ नये. ऑगस्टअखेर, बी झडून गेल्यावर केलेली निंदणी ही बाग स्वच्छ करते, पण पुढील अनेक वर्षांचे तण पेरूनही ठेवते. तीच निंदणी तीन आठवडे आधी केली असती तर मजुरी तेवढीच पडली असती आणि बी पडले नसते.

दुसरा वर्ग बहुवार्षिक तणांचा. लव्हाळा, हरळी, कुंदा व चांदवेल ही त्यांतील प्रमुख होत. यांचे बळ जमिनीखाली आहे. लव्हाळ्याच्या गाठी बहुतांशी जमिनीच्या वरच्या वीतभर थरात असतात. वरचे पान उपटले तरी गाठ मातीत राहते व पुन्हा फुटते. हरळीच्या काशीचा तुकडा पेरासकट मातीत राहिला की त्यापासून नवीन रोप होते. अशा बागेत ओलीवर रोटाव्हेटर फिरविणे म्हणजे हरळीची लागवड करण्यासारखेच आहे. एका कोपऱ्यातील हरळी यंत्राच्या दातांबरोबर साऱ्या बागेत पोहोचते. पुष्कळ बागांत लव्हाळा व हरळी वर्षागणिक वाढत जातात, त्याचे मुख्य कारण हेच होय.

जागेची विभागणी

कमी खर्चाच्या नियंत्रणाचे पहिले सूत्र असे की, सर्व बागेस एकच उपाय करू नये. वेलीच्या ओळीखालचा पट्टा निराळा आणि दोन ओळींमधील मोकळी जागा निराळी समजावी.

उदाहरणार्थ, दोन ओळींत ९ फूट अंतर असलेली एक एकर बाग घेऊ. एकरात ४३,५६० चौरस फूट जागा असते. म्हणजे वेलीच्या ओळींची एकूण लांबी ४,८४० फूट झाली. ओळीखालील पट्टा ३ फूट रुंद धरला तर त्याचे क्षेत्र १४,५२० चौरस फूट, म्हणजे सुमारे १३ गुंठे भरते. तण व वेल यांची खरी झुंज या १३ गुंठ्यांत असते. उरलेल्या २७ गुंठ्यांत तण आखूड ठेवले, फुलावर येऊ दिले नाही, एवढे पुरते. ते मुळासकट काढण्याची गरज नाही. किंबहुना पावसाळ्यात उताराच्या जमिनीवर तेथे थोडे गवत असणे मातीची धूप थांबविण्यास उपकारकच ठरते. जो बागाइतदार ४० गुंठे खुरपून घेतो तो २७ गुंठ्यांची मजुरी बहुधा विनाकारण देत असतो.

निरनिराळे उपाय

१. पाण्याचे नियंत्रण. तण पाण्यामागे जाते. ठिबकाची नळी फुटलेली असणे, जोडातून गळती होणे, पाळी संपल्यावर पाणी सुरूच राहणे यांमुळे ओळींमधील कोरडी जागा ओली होते व तेथे उन्हाळ्यातही तण उगवते. गळती बंद करणे हा सर्वांत स्वस्त तणनियंत्रक होय.

२. बी बाहेरून येऊ न देणे. अर्धवट कुजलेल्या शेणखताबरोबर तणांचे असंख्य जिवंत बी बागेत येते. खत पूर्ण कुजवूनच घालावे. बांधावरील व पाटाच्या कडेचे तण फुलण्यापूर्वी कापावे. लव्हाळा असलेल्या शेतातील माती बोद भरण्यासाठी आणू नये.

३. उन्हाळ्यातील वाळवण. लव्हाळ्याच्या गाठी व हरळीच्या काशा यांना कोरडे ऊन सहन होत नाही. फळे निघाल्यानंतर ओळींमधील कोरड्या जागेत, मुळांपासून दूर राहून, उथळ कुळवणी करावी. वर आलेल्या गाठी व काशा वेचून काही दिवस कडक उन्हात वाळू द्याव्यात व बागेबाहेर नेऊन नष्ट कराव्यात. ही मेहनत जमीन कोरडी असतानाच करावयाची. एक पाऊस पडल्यानंतर तीच मेहनत उलट परिणाम करते.

४. पट्ट्यावर आच्छादन. उसाचे पाचट, वाळलेले गवत, भुसा किंवा खरड छाटणीतून निघालेल्या निरोगी काड्यांचे बारीक तुकडे बोदावर ४ ते ६ इंच जाड पसरावेत. उजेड न मिळाल्याने बियांपासून उगवणारी तणे दबून राहतात. बाष्पीभवन कमी झाल्याने पाण्याची बचत होते आणि घडनिर्मितीच्या काळात हीच बचत मोलाची ठरते. एक एकर उसातून सुमारे ३ ते ४ टन पाचट निघते. तेवढ्यात एक एकर द्राक्षबागेचे पट्टे झाकून निघतात. जे पाचट फडात पेटवून दिले जाते ते शेजारच्या बागेस असे उपयोगी पडू शकते. आच्छादन खोडास चिकटू देऊ नये. वीतभर जागा मोकळी ठेवावी. वाळवी व उंदीर यांवर नजर ठेवावी आणि आगीपासून जपावे. लव्हाळा मात्र आच्छादनास दाद देत नाही. त्याचा टोकदार कोंब प्लॅस्टिकचा कागदही भेदून वर येतो. म्हणून आच्छादनापूर्वी लव्हाळ्याचा बंदोबस्त करावा.

५. हिरवळीचे पीक. जूनमध्ये ओळींमधील जागेत ताग किंवा चवळी दाट पेरावी. ताग झपाट्याने वाढून तणांस सावलीत दाबून टाकतो. पेरणीनंतर सुमारे दीड महिन्याने, फुलोऱ्यापूर्वी, तो कापून बोदावर पसरावा. एकाच पेरणीत तणनियंत्रण, नत्र आणि आच्छादन ही तिन्ही कामे साधतात. जेथे उन्हाळ्यात पाण्याची टंचाई आहे तेथे हे पीक पावसाळ्यानंतर उभे ठेवू नये.

६. कापणी. ओळींमधील गवत यंत्राने किंवा विळ्याने जमिनीपासून दोन-तीन बोटे उंच ठेवून कापावे. कापलेले गवत तेथेच किंवा बोदावर पडू द्यावे. ते जनावरांस घालण्याचा मोह अनेकांस होतो. पण बागेतील गवतावर औषधांचे तुषार पडलेले असतात. बोर्डो मिश्रण व इतर ताम्रयुक्त औषधांतील तांबे मेंढ्यांस फार लवकर बाधते. सबब, फवारणी चालू असलेल्या बागेत मेंढ्या बसविणे किंवा तेथील गवत जनावरांस घालणे धोक्याचे आहे.

खर्चाचा ताळा

कोणता उपाय स्वस्त, हे अंदाजाने ठरवू नये. त्यासाठी सर्व खर्च 'मजुरीचे दिवस' या एकाच मापात मांडण्याची पद्धत सोयीची आहे. यंत्राचे भाडे, वाहतूक वा औषध यांची किंमत गावातील एका दिवसाच्या मजुरीने भागली की तिचेही मजुरीचे दिवस मिळतात. पुढील आकडे केवळ हिशोबाची रीत समजावी म्हणून धरलेले आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी आपल्या बागेचे आकडे घालावेत.

पहिली रीत : एक एकर बाग वर्षातून ५ वेळा सरसकट खुरपली आणि प्रत्येक वेळी ९ मजूर लागले, तर एकूण ४५ दिवस झाले.

दुसरी रीत : फक्त पट्टा ५ वेळा खुरपला, दर वेळी ३ मजूर, म्हणजे १५ दिवस. ओळींमधील गवत ४ वेळा यंत्राने कापले. माणसाचे ४ दिवस व भाडे-इंधनाचे ४ दिवस मिळून ८. एकूण २३ दिवस.

तिसरी रीत : पट्ट्यावर पाचट घातले. वाहतुकीचे ४ व पसरण्याचे ५ दिवस. चुकून उगवलेले तण हाताने उपटण्याचे २ वेळा मिळून ४. गवत कापणीचे पूर्वीप्रमाणे ८. एकूण २१ दिवस.

चौथी रीत : पट्ट्यावर तणनाशकाच्या २ फवारण्या, त्यांची मजुरी २ व औषध ४ दिवसांच्या किमतीचे, शिल्लक तण उपटण्याचे २, गवत कापणीचे ८. एकूण १६ दिवस.

या मांडणीवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. मोठी बचत पहिल्या रीतीकडून दुसरीकडे जाताना होते, आणि तिला कोणतेही औषध वा नवे साहित्य लागत नाही. केवळ पट्टा व मोकळी जागा हा भेद करावा लागतो. दुसरी गोष्ट अशी की, चौथी रीत कागदावर सर्वांत स्वस्त दिसते. परंतु तिच्यात जोखमीची किंमत धरलेली नाही. तसेच तिसऱ्या रीतीत वाचलेल्या पाण्याची किंमत धरलेली नाही. ज्याच्या विहिरीस एप्रिल-मेमध्ये पाणी पुरत नाही त्याच्या दृष्टीने पाचटाची रीतच बहुधा खरी स्वस्त ठरेल.

तणनाशके व त्यांतील धोके

तणनाशकांचा अजिबात वापर करू नये असे नाही. पण वापरणाऱ्याने पुढील गोष्टी पूर्णपणे समजून घ्याव्यात.

द्राक्षासाठी मान्यता असलेलेच औषध वापरावे. डब्यावरील पत्रकात द्राक्षाचे नाव नसल्यास ते औषध दुकानदाराने कितीही भलावण केली तरी घेऊ नये. ग्लायफोसेट हे औषध पुष्कळ ठिकाणी सर्रास वापरले जाते. भारतात त्यास मान्यता चहाचे मळे व पिकाखाली नसलेली जमीन यांपुरतीच आहे, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने त्याच्या वापरावर निर्बंध घालणारा आदेशही काढला. हिरव्या खोडावर वा लोंबत्या पानांवर त्याचे तुषार पडल्यास ते वेलीच्या अंगात भिनते. कोणत्या औषधांस द्राक्षासाठी मान्यता आहे याची माहिती पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून मिळते. ती ताजी आहे याची खात्री करून घ्यावी.

निर्यात करणाऱ्यांनी विशेष सावध असावे. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचा अंश आढळल्याने भारतीय द्राक्षांस युरोपात मोठा फटका बसला. ते औषध तणनाशक नव्हते. पण अवशेषाची एक चूक संपूर्ण हंगाम बुडवू शकते, हा धडा सर्वच औषधांस लागू आहे.

पॅराक्वाट हे विष अतिशय जहाल असून ते पोटात गेल्यास त्यावर खात्रीचा उतारा उपलब्ध नाही. ते कधीही पाण्याच्या वा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवू नये. घरात, मुलांच्या हाती लागेल असे ठेवू नये. फवारताना हातमोजे, बूट, चष्मा व तोंडावरील आवरण अवश्य वापरावे. निंदणीची मजुरी वाचविण्याच्या नादात घरातील माणूस गमावण्याची पाळी येऊ नये.

२,४-डी या तणनाशकाबाबत तर शेजारधर्माचाच प्रश्न येतो. ऊस, ज्वारी, गहू यांत ते वापरले जाते आणि द्राक्षवेल त्यास अत्यंत हळवी आहे. वाऱ्याबरोबर आलेल्या अल्पशा तुषारांनीही वेलीची कोवळी पाने अरुंद होऊन पंख्यासारखी आवळतात, शिरा जवळ येतात, फुलोरा गळतो. त्याचे एस्टर स्वरूपातील औषध उन्हात वाफ होऊनही पसरते. म्हणून ऊस व द्राक्ष शेजारी असलेल्या गावांत कार्यकर्त्याने दोन्ही शेतकऱ्यांस एकत्र बसवून, बागेत कोवळी फूट वा फुलोरा असताना जवळच्या फडात २,४-डी फवारू नये, असे आधीच ठरवून घ्यावे. नुकसान झाल्यानंतरच्या भांडणापेक्षा आधीचे हे बोलणे उत्तम. तणनाशकाचा पंप निराळा ठेवावा. २,४-डी वापरलेला पंप कितीही धुतला तरी बागेत आणू नये.

एक-दोन वर्षांच्या कोवळ्या बागेत, तसेच फुलोऱ्यात व घड पक्व होत असताना, कोणतेही तणनाशक वापरू नये.

पंपाचे माप

औषध वाया जाण्याचे एक मोठे कारण म्हणजे फवारणाऱ्याची चाल व पंपाचा प्रवाह यांचे माप न घेणे. हे माप घेण्याची सोपी रीत अशी : ३ फूट रुंद पट्ट्याची ३६३ फूट लांबी मोजून खुणा कराव्यात. हे क्षेत्र १,०८९ चौरस फूट, म्हणजे बरोबर १ गुंठा होते. पंपात मोजून साधे पाणी भरावे व नेहमीच्या चालीने हा पट्टा फवारावा. जितके पाणी संपले त्यास ४० ने गुणले असता एक एकर क्षेत्रास लागणारे पाणी मिळते. समजा ५ लिटर पाणी लागले, तर एकरी २०० लिटर झाले. पण ९ फुटी बागेत फवारावयाचा पट्टा १३ गुंठ्यांचाच असल्याने प्रत्यक्षात सुमारे ६५ लिटर द्रावण पुरेल. औषधही त्याच प्रमाणात, पत्रकातील एकरी मात्रेच्या एक तृतीयांश, मोजून घ्यावे. संपूर्ण एकराची मात्रा या पट्ट्यावर ओतणे ही नित्य आढळणारी व अत्यंत घातक चूक होय. नोझलवर झाकण लावून, वारा नसताना, सकाळी फवारावे.

वर्षाचे कामपत्रक

मार्च : फळे निघाल्यावर कोरड्या जागेत उथळ कुळवणी, लव्हाळा व हरळी वेचून वाळविणे.
एप्रिल-मे : खरड छाटणी, बोद स्वच्छ करून आच्छादन घालणे, ठिबकाची गळती बंद करणे. या दोन महिन्यांत पट्ट्यावर तण मुळीच राहू देऊ नये.
जून : पहिल्या पावसाने उगवलेले तण कोवळे असतानाच उथळ कोळपून मोडणे व नंतर तागाची पेरणी.
जुलै-ऑगस्ट : ताग कापून बोदावर पसरणे, सर्व तण फुलोऱ्यापूर्वी कापणे, बांध स्वच्छ ठेवणे.
सप्टेंबर : फळ छाटणीपूर्वी पट्टा निर्मळ करणे, म्हणजे पुढे विरळणीच्या धांदलीत मजूर अडकत नाहीत.
ऑक्टोबर ते फेब्रुवारी : तुरळक तण हाताने उपटणे, रासायनिक उपाय टाळणे.

गावात प्रात्यक्षिक

व्याख्यानापेक्षा प्रात्यक्षिक अधिक बोलते. कार्यकर्त्याने एखाद्या उत्साही बागाइतदाराच्या बागेत दोन ओळी जुन्या पद्धतीने, दोन ओळी पट्टा पद्धतीने व दोन ओळी पाचटाखाली ठेवाव्यात. प्रत्येक जोडीवर तण काढण्यास लागलेले तास एका पाटीवर लिहीत जावेत. निंदणारणींनाही विचारावे, कोणत्या ओळीत हात लवकर चालतो हे त्यांना सर्वांआधी कळते. मे महिन्यात पाचटाखालील माती मुठीत घेऊन दाखवावी, आणि ऑक्टोबरमध्ये प्रत्येक ओळीतील वेलींवरील घड गावकऱ्यांकडूनच मोजून घ्यावेत. ज्याने स्वतः घड मोजले त्यास पुन्हा काही सांगावे लागत नाही.

तणांचा बंदोबस्त एका वर्षात होत नाही. परंतु सलग तीन पावसाळे बागेत तणाचे बी पडू दिले नाही, तर चौथ्या वर्षी निंदणीचे काम बरेच हलके झालेले दिसून येईल. बागाइतदाराने यंदा आपल्या वहीत 'तण' या नावाचे एक निराळे पान उघडावे, त्यात प्रत्येक दिवसाची मजुरी लिहावी, आणि पुढील वर्षी त्या पानाशी नवे पान ताडून पाहावे. कमी खर्चाच्या तणनियंत्रणाची सुरुवात त्या पानापासून होते.